एक नाव, दोन पत्ते

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होतो, पण दर शनिवारी काहीतरी निघायचं. आज घरात सामसूम आहे, चहाचा दुसरा कप शेजारी आहे, तेव्हा उरकूनच टाकतो. विषय डीएनएसचा आहे. थांबा, पळू नका! यात माझी आजी आहे, आई आहे, पोस्टातून निवृत्त झालेले बाबा आहेत, आणि मी स्वतः खाल्लेली माती आहे.

सुरुवात आजीपासून. म्हणजे आईच्या आईपासून. वाईजवळच्या एका गावात तिचं सगळं आयुष्य गेलं. तिला जात्यावरच्या ओव्या किती यायच्या हे कुणालाच माहीत नव्हतं, तिलाही नाही. १९९१ साली मामाने टेपरेकॉर्डर घेतला आणि हौसेने तिला समोर बसवलं, तर बाई गप्प. एक ओवी आठवेना. मग म्हणाली, जातं फिरल्याशिवाय येत न्हाई. गावात गिरणी येऊन कितीतरी वर्षं झाली होती. माळ्यावर पडलेलं जातं खाली काढलं, मूठमूठ ज्वारी घातली, आणि मग जे सुरू झालं ते नऊ कॅसेटी भरेपर्यंत. १९९८ मध्ये आजी गेली. कॅसेटी आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी त्या एकेक करून संगणकात उतरवल्या. एक कॅसेट गुंतली होती, ती बाबांनी पेन्सिलीने सोडवली. (पेन्सिल आणि कॅसेट यांचं नातं ज्यांना कळलं नाही त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावं.)

तेव्हापासून आईचा नेम आहे. सकाळी देवपूजा झाली की टॅबलेट घेऊन बसायचं, एक ओवी ऐकायची, थांबवायची, वहीत लिहायची. शब्द कळला नाही तर मागे. जात्याची घरघर इतकी आहे की एकेका ओळीला दहादा मागे जावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मग फाइली टॅबलेटमध्ये टाकायच्या, विषय संपला. पण कराडच्या मावशीलाही ऐकायचं होतं, मामालाही, आणि आईने वहीत लिहिलेलं माझा भाचा टाइप करून प्रत्येक तुकड्याखाली चढवणार होता. म्हणजे सगळं एका जागी हवं. ती जागा भाड्याने घेता आली असती, पण आई म्हणाली, "आईचा आवाज घरातच असू दे रे." शिवाय खरं सांगायचं तर मला सर्व्हर लावायचा होता. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला घरात एक तरी सर्व्हर लावल्याशिवाय चैन पडत नाही.

तर २०२३ च्या दिवाळीत साताऱ्याच्या घरी, टीव्हीखालच्या फळीवर, एक रास्पबेरी पाय आणि त्याला एक हार्ड डिस्क असा संसार मांडला. एक डोमेन विकत घेतलं. (नाव इथे सांगत नाही, उगाच कुणीतरी कडी वाजवायचं.) इंटरनेटवाल्याकडून जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेतला, कारण हल्ली बरेचसे पुरवठादार अनेक गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, आणि तसं असेल तर बाहेरून तुमच्या घरात कुणी शिरूच शकत नाही. मोडेमला सांगितलं की ४४३ नंबरच्या पोर्टवर कुणी आलं की त्याला आत १९२.१६८.१.१० कडे पाठव. तो आमचा पाय. डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत मोडेमचा बाहेरचा पत्ता लिहिला. मोबाइल डेटावरून उघडून पाहिलं, झकास. मावशीला कराडला फोन लावला, तिकडेही सुरू. आजीचा आवाज ऐकून मावशी दोन मिनिटं काही बोललीच नाही.

मग तोच पत्ता आईच्या टॅबलेटवर, घरच्या वायफायवर उघडला, आणि समोर भलामोठा इशारा. तुमचं कनेक्शन खाजगी नाही, तुमची माहिती चोरली जाऊ शकते, वगैरे.

"अगं बाई! कोण चोरतंय?" आई म्हणाली आणि तिने टॅबलेट उलटा करून ठेवला.

इशारा ओलांडून पुढे गेलो तर मोडेमचं लॉगिनचं पान! सातासमुद्रापार उघडणारं पान, ते ज्या फळीवर आहे तिथून सहा फुटांवर उघडेना.

कारण समजायला सोपं आहे. टॅबलेटने विचारलं, हे नाव कुठं राहतं? जगाने सांगितलं, अमुक बाहेरच्या पत्त्यावर. टॅबलेटने त्या पत्त्याकडे पाकीट पाठवलं. ते मोडेमपाशी आलं. मोडेमने पाहिलं, अरे हा तर माझाच पत्ता, आणि स्वतःच दार उघडलं. काही मोडेम पाकीट आत वळवतात, पण मग पाय थेट टॅबलेटला उत्तर देतो, आणि टॅबलेट म्हणतो, मी तर बाहेरच्या पत्त्याला विचारलं होतं, हा १९२ वाला कोण मधेच? आणि उत्तर फेकून देतो. गेलेलं पाकीट मोडेमने नीट गिरकी मारून, दोन्ही पत्ते बदलून परत आणायला हवं. त्याला हेअरपिन म्हणतात. आमच्या मोडेमला ती येत नव्हती.

बाबांना हे सांगायला गेलो तर त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं. "म्हणजे गल्लीतल्या गल्लीत टाकलेलं पत्र आधी आरएमएसला जायचं, तिथं सॉर्ट व्हायचं आणि परत आपल्याच बीटात यायचं. तसंच ना?"

"तसंच. फक्त इथे ते परत येतच नाही."

"मग पोस्टमनला सांग की लोकल पत्र वर पाठवू नको."

बाबांनी एका वाक्यात जे सांगितलं त्याला आमच्या धंद्यात स्प्लिट होरायझन डीएनएस म्हणतात. नाव एकच, पण विचारणारा आत उभा असेल तर एक उत्तर आणि बाहेर उभा असेल तर दुसरं. ऐकायला लबाडी वाटते. पण आपण रोज हेच करतो. आमच्या घरात "अण्णा आले" म्हटलं की आजोबा, म्हणजे बाबांचे वडील. कोपऱ्यावर येऊन "अण्णा, दोन कटिंग" म्हटलं की उडप्याचे मालक. नाव तेच, माणूस वेगळा, आणि आजवर कुणाचाही गोंधळ झालेला नाही, कारण हाक मारणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते माहीत असतं. पाकिटावर नुसतं "अण्णा" लिहून पेटीत टाकलं तर मात्र बाबांचं अख्खं खातं हात टेकेल. (आमचा दाखला जरा लंगडा आहे. अण्णा दोन आहेत आणि आमचा सर्व्हर एकच. पण पत्ते दोन, हे खरं.)

सर्वात सोपा उपाय म्हणजे होस्ट्स नावाची फाइल. प्रत्येक संगणकात ती असते, तिच्यात नाव आणि पत्ता लिहिला की संगणक बाहेर विचारायलाच जात नाही. जुन्या काळी, म्हणजे आर्पानेटच्या वेळी, साऱ्या जाळ्याचा कारभार अशा एकाच फाइलीवर चालायचा. ती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या चमूकडे असायची. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचं, त्या यादीत लिहिणार, आणि बाकीचे सगळे ती यादी उतरवून घेणार. यंत्रं वाढली तशी यादी पुरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा आराखडा मांडला. यादी एकाकडे नको, ज्याचा त्याचा भाग ज्याच्या त्याच्याकडे, आणि विचारत विचारत जायचं. आज आपण वापरतो ते नियम १९८७ सालच्या कागदांवर उभे आहेत. काय टिकलंय बघा.

पण होस्ट्स फाइल अँड्रॉइडच्या टॅबलेटवर सहजी बदलता येत नाही. आणि लॅपटॉपवर बदलली तर तो लॅपटॉप पुण्याला नेल्यावरही १९२.१६८.१.१० च शोधत बसणार. पुण्याच्या माझ्या घरात त्या पत्त्यावर प्रिंटर आहे.

भाच्याने सुचवलं, दोन बुकमार्क करू. एक "घरी", एक "बाहेर". मला हे अजिबात पटलं नाही. सत्तरीच्या बाईने गाणं ऐकण्याआधी आपण कोणत्या नेटवर्कवर आहोत हे का ठरवावं? शिवाय घरातलं बुकमार्क नुसत्या आकड्यांचं असणार, आणि तिथे पुन्हा तोच इशारा येणार. कारण प्रमाणपत्र नावाला दिलेलं असतं, पत्त्याला नाही. नाव एकच ठेवलं की आतूनही तेच प्रमाणपत्र चालतं आणि बाहेरूनही. नाव एकच ठेवण्याचा खरा फायदा तिथे आहे.

काही वाचक आता व्हीपीएनचं नाव घेणार. माझ्यासाठी मी तेच वापरतो. पण मावशीला फोनवरून व्हीपीएन चालू करायला सांगणं, ते तुम्ही करून बघा आणि मला कळवा.

मग पायवरच डीएनएसमास्क बसवलं. सायमन केली यांनी लिहिलेला हा छोटासा प्रोग्राम कितीतरी घरगुती राउटरमध्ये मुकाट काम करत असतो. त्याला एकच ओळ सांगायची. या नावाला कुणी विचारलं तर १९२.१६८.१.१० सांग. बाकी सगळं वर विचारून आण. मोडेमला सांगितलं की घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला डीएनएस म्हणून पायचा पत्ता दे. टॅबलेटचं वायफाय बंद करून चालू केलं. पान उघडलं. आजी गायला लागली. आईने डोळ्याला पदर लावला, बाबांनी वर्तमानपत्र उगाचच वर धरलं.

इथे थांबायला हवं होतं. पण मी मोडेममध्ये दुसऱ्या डीएनएसची जागा रिकामी पाहिली आणि तिथे ८.८.८.८ टाकून दिलं. गुगलचा सार्वजनिक डीएनएस, २००९ पासून आहे, भरवशाचा. म्हटलं पाय कधी झोपला तर हा उठेल.

दोन दिवसांनी आईचा फोन. कधी उघडतं, कधी उघडत नाही. सकाळी उघडलं, दुपारी लाल.

हे ज्याला माहीत नाही तो यात हमखास सापडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याला वाटतं पहिला डीएनएस मुख्य आणि दुसरा राखीव. यंत्रांना तसं वाटतंच असं नाही. काही यंत्रं पहिल्याला विचारतात, जरा उशीर झाला की दुसऱ्याकडे जातात आणि मग तिकडेच रमतात. काही दोघांना आळीपाळीने विचारतात. आणि दुसऱ्याने उत्तर दिलं, तेही नियमाने बरोबर, की यंत्र परत पहिल्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यामुळे ज्या यादीतल्या एकाला घरातली गोष्ट माहीत आहे आणि दुसऱ्याला नाही, ती यादी राखीव नसते, ती छापा-काटा असते. दोन डीएनएस द्यायचे तर दोघांना घरातली गोष्ट माहीत हवी. ८.८.८.८ काढलं.

तरी बाबांच्या फोनवर उघडेना. भाच्याने जाहिराती दिसू नयेत म्हणून त्यांच्या फोनमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" लावून ठेवला होता. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१८ पासून आहे. एकदा तिथे नाव लिहिलं की फोन वायफायने दिलेल्या डीएनएसला विचारतच नाही, कुलूपबंद लखोट्यातून थेट तिकडे विचारतो. ब्राउझरही हल्ली हे परस्पर करतात. फायरफॉक्सने यासाठी एक ठरावीक खुणेचं नाव ठेवलंय, घरच्या डीएनएसने ते नाव "नाही" असं सांगितलं की तो आपणहून लावलेला लखोटा बाजूला ठेवतो. तुम्ही स्वतः लावला असेल तर मात्र तुमचंच ऐकतो, आणि तेच बरोबर आहे. मला या लखोट्यांचा राग नाही. मधल्या माणसाने चिठ्ठी वाचू नये म्हणून ते आलेत. फक्त घरातला मधला माणूस मीच आहे, ही अडचण. आणि शेवटचं भूत म्हणजे आयपीव्ही६. मोडेम त्या वाटेने स्वतःचाच डीएनएस वेगळा जाहीर करत होता. ते बंद केल्यावर सगळं सुरळीत झालं.

या सगळ्यात मला माझी पहिली नोकरी आठवत होती. २००६ साल, हिंजवडी, कंपनीचं नाव नको. तिथे ऑफिसच्या आतला डीएनएस आणि बाहेरचा डीएनएस दोन्ही एकाच डोमेनचे धनी होते. आतल्या यादीत सर्व्हरांची नावं होती, पण कंपनीच्या वेबसाइटचं नाव घालायचं राहून गेलेलं. आतला डीएनएस त्या डोमेनचा मालक, त्यामुळे त्याच्याकडे नसलेलं नाव तो बाहेर विचारायला जाणारच नाही, सरळ "असं काही नाही" म्हणणार. परिणाम काय, तर सगळ्या जगाला कंपनीची साइट दिसायची आणि फक्त कंपनीतल्या माणसांना दिसायची नाही. विक्री विभागाचे साहेब एका परदेशी पाहुण्याला मीटिंग रूममध्ये ती दाखवायला बसले आणि मग आमच्याकडे ज्या पावलांनी आले ती पावलं मला अजून ऐकू येतात. बाइंडमध्ये "व्ह्यू" असतात, विचारणारा कोण यावर वेगळी यादी पुढे करायची. पण दोन याद्या म्हणजे दोन्ही सांभाळणं आलं, आणि माणूस एकच सांभाळतो.

आणि आतल्या कामासाठी नाव स्वतःचंच घ्यावं. वाटेल ते नाव आत वापरलं तर काय होतं त्याचा नमुना म्हणजे कॉर्प डॉट कॉम. विंडोजच्या जुन्या सर्व्हरमध्ये कंपनीच्या आतल्या जाळ्याचं नमुन्याचं नाव "कॉर्प" होतं आणि कितीतरी ठिकाणी ते तसंच राहिलं. ते लॅपटॉप घराबाहेर, कॉफीच्या दुकानात गेले की आपल्या ऑफिसचे सर्व्हर शोधत कॉर्प डॉट कॉमचं दार वाजवायचे. ते नाव एका गृहस्थांनी १९९४ मध्ये घेऊन ठेवलं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांनी ते १७ लाख डॉलरला विकायला काढलं, आणि एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. भलत्याच्या हातात पडू नये म्हणून. आता २०२४ पासून "डॉट इंटर्नल" हे शेपूट आयकॅनने खास आतल्या वापरासाठी राखून ठेवलंय. पण मला तर आत-बाहेर एकच नाव हवं होतं, म्हणून विकतचं.

असो. आता माती.

२०२४ चा जुलै, रविवार संध्याकाळ. मी पुण्यातून पायवर शिरलो आणि उबुंटूचे साचलेले अपडेट लावले. रीबूट केलं. पाच मिनिटांनी माझ्या फोनवर हिरवा ठिपका. हा ठिपका म्हणजे माझा अभिमान. पुण्यातला एक छोटा प्रोग्राम दर पाच मिनिटांनी ओव्यांचं पान उघडून बघतो, उघडलं की हिरवा, नाही तर लाल. हिरवा पाहिला आणि जेवायला बसलो.

सोमवार हिरवा. मंगळवार हिरवा. बुधवार, गुरुवार हिरवा.

गुरुवारी रात्री सहज फोन केला. बाबांशी पावसाचं बोललो, आईने घेतला. ती जरा हळूच बोलत होती. म्हटलं, वही कुठवर आली? तर गप्प. मग म्हणाली, "तुला सांगणार होते, पण तू कामात असतोस. माझ्या हातनं काहीतरी दाबलं गेलंय रे. सगळं गेलं. काहीच उघडत नाही. चार दिवस झाले."

"सगळं गेलं म्हणजे?"

"आईचं सगळं. मी कॅसेटी काढून बघितल्या, पण लावायच्या कशावर?"

मी ठिपक्याकडे पाहिलं. हिरवा.

झालं होतं असं. अपडेटनंतर उबुंटूचा स्वतःचा नाव शोधणारा कारकून, सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड, रीबूटला आधी उठला आणि ५३ नंबरच्या पोर्टवर जाऊन बसला. डीएनएसचं पोर्ट तेच. मागून डीएनएसमास्क आलं, त्याला जागा मिळेना, ते चडफडत बंद पडलं. ओव्यांचं पान मात्र व्यवस्थित चालू. पुण्याहून विचारलं की सार्वजनिक नोंद सांगते, मोडेमकडे जा, मोडेम आत पाठवतो, पान उघडतं, ठिपका हिरवा. घराच्या आत डीएनएस म्हणून फक्त पाय, आणि तो मुका. म्हणजे ओव्याच काय, वायफायवर काहीच उघडत नव्हतं. बाबांनी "नेट गेलंय, पावसाचं असेल" म्हणून फोनवर मोबाइल डेटा सुरू केला आणि गप्प बसले. आईच्या टॅबलेटला सिमच नाही.

मी घराला दोन उत्तरं दिली होती आणि पहारा फक्त एकावर बसवला होता. तोही माझ्या बाजूच्या.

त्या रात्री बाहेरून पायवर शिरून दुरुस्ती करायला चार मिनिटं लागली. चार दिवसांचं दुखणं, चार मिनिटं. आईला फोनवरच पान उघडायला लावलं. पलीकडून आधी जात्याची घरघर आली, मग आजी. आई म्हणाली, "आहे. आहे सगळं." आणि फोन तसाच चालू ठेवून ऐकत बसली. मीही ठेवला नाही.

शनिवारी पहाटेच साताऱ्याची एसटी पकडली. पहिलं काम, डीएनएसची जबाबदारी पायवरून काढली. मोडेम नुसता पूल करून ठेवला आणि त्यामागे ओपनडब्ल्यूआरटीवाला एक राउटर लावला. त्याच्यात डीएनएसमास्क मुळातच असतं, तीच एक ओळ तिकडे लिहिली. राउटर मेला तर नेट तसंही मेलेलंच असतं, पण पाय मेला तर फक्त ओव्या थांबतील, बाबांचं व्हॉट्सअॅप नाही. मी हौसेने जे यंत्र आणलं, त्यावर अख्ख्या घराचं टपाल टांगून मी पुण्याला निघून आलो होतो, हे मला आधी कळायला हवं होतं. दुसरं, सगळ्या फाइलींची एक प्रत पुण्याच्या डिस्कवर आणि एक पेन ड्राइव्हमध्ये, तो आईच्या कपाटात, कॅसेटींच्या शेजारी. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायचं काम. आणि तिसरं म्हणजे आतला पहारा. पण आतल्या पहारेकऱ्याने बिघाड झाल्यावर मला निरोप पाठवायचा तर डीएनएस बंद असताना पाठवणार कसा? तेव्हा उलटं केलं. पाय दर तासाला घरच्या राउटरला ते नाव विचारतो, उत्तर १९२.१६८.१.१० आलं तरच पुण्याला "ठीक आहे" कळवतो. तासाभरात कळवलं नाही तर माझा फोन वाजतो.

बाबा म्हणाले, "यात काय नवीन? पोचलास की मिस्ड कॉल दे म्हणायचो ना तुला."

आईला मी बजावलं, "काही बंद पडलं तर लगेच फोन करायचा. मी मीटिंगमध्ये असलो तरी."

"बरं," ती म्हणाली. करणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतरच्या दिवाळीत आई भाऊबीजेनंतर चार दिवस कराडला मावशीकडे राहायला गेली. टॅबलेट आणि वही पिशवीत. तिथून तिचा फोन आला, आवाजात जरा आश्चर्य. "अरे, हे इथंही तसंच उघडतंय की! मी काहीच केलं नाही."

"काही करायचंच नाही, आई. तेच तर."

मागून घरघर ऐकू येत होती. दोघी बहिणी वही मध्ये ठेवून बसल्या होत्या बहुतेक. भावाच्या गावाची एक ओवी चालू होती, आईने ती गेल्याच वर्षी लिहून पूर्ण केलेली. ती म्हणाली, हे बघ, वडूजला गाडी निघाली असं आहे.

"वडूज कुठलं गं?" मावशीचा आवाज. "वडूथ! आईचा भाऊ वडूथला नव्हता का, नदीकाठाला? वडूजला आपलं कोण होतं?"

"वडूथ? थांब, परत लाव."

परत लावलं. परत घरघर. मग आई मला म्हणाली, "ठेव रे तू, मला पेन शोधू दे."